‘साहेब सांगतील तसं’ ही ओळ आदेशात नको

कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं की घरचे नारळ फोडतात, आणि आदेशाची प्रत कपाटातल्या पिशवीत जाते. आठ-दहा दिवसांनी परिविक्षा अधिकाऱ्यांचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या प्रोबेशनवाल्या साहेबांचा किंवा मॅडमचा फोन येतो. ‘सोमवारी बॅग भरून या, केंद्रात तीन महिने राहायचंय.’ घरचे म्हणतात, साहेबांनी सांगितलंय म्हणजे कोर्टानेच सांगितलंय. नेमकी इथेच चूक होते. साहेब आणि कोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोघांमधलं अंतर त्या पिशवीतल्या कागदावर लिहिलेलं असतं.

कायदा आहे अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कलम ४ खाली कोर्ट आरोपीला शिक्षा न देता बाँडवर सोडू शकतं. या बाँडची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सोबत देखरेखीचा आदेश करायचा तर देखरेख किमान एक वर्षाची असावी लागते आणि अधिकाऱ्याचं नाव आदेशात यावं लागतं. याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात राहण्याचं ठिकाण, नशेपासून दूर राहणं ‘किंवा इतर कोणतीही बाब’ याबद्दल जादा अटी घालण्याची मुभा आहे. उपचारांची अट येते ती या दारातून. ही मुभा दिली आहे कोर्टाला. पाचवं पोटकलम तर सांगतं की अटी आरोपीला समजावून सांगायच्या आणि आदेशाची एकेक प्रत आरोपी, जामीनदार आणि अधिकारी या तिघांना लगेच द्यायची. तिघांच्या हातात एकच मजकूर असावा, मागाहून कुणी त्यात भर घालू नये, हाच त्यामागचा हेतू.

आता अधिकाऱ्याची कामं बघा. ती कलम १४ मध्ये आहेत: कोर्टाच्या सांगण्यावरून घरची परिस्थिती तपासून अहवाल देणं, देखरेख करणं, जमल्यास कामधंदा मिळवून द्यायचा प्रयत्न करणं, नुकसानभरपाई भरायला मदत आणि सल्ला देणं. या यादीत ‘उपचार ठरवणं’ कुठेच नाही. दंड करणं नाही, अटक नाही, कुणाला केंद्रात डांबून ठेवणंही नाही. अधिकारी येऊन विचारू शकतात, समजावू शकतात, रुग्णालयात कुणाला भेटायचं ते सांगू शकतात, कोर्टाला कळवू शकतात. हे काम लहान नाही. चांगला अधिकारी मिळाला तर निम्मं व्यसन त्याच्या चिकाटीनेच सुटतं. पण त्याच्या सल्ल्याचा हुकूम होत नाही.

मग हुकूम झाल्यासारखं वाटतं कशामुळे? बहुतेक वेळा आदेशातच खोट असते. ‘आरोपीने परिविक्षा अधिकारी सांगतील त्याप्रमाणे व्यसनमुक्तीचे उपचार घ्यावेत’ अशी एक गुळगुळीत ओळ टाकली की कोर्टाने आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं असं होतं. बाह्यरुग्ण म्हणून महिन्यातून एकदा जायचं की नव्वद दिवस आत राहायचं, यात माणसाच्या मोकळेपणाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो निर्णय फोनवर कसा होईल?

अमेरिकेत हा प्रश्न वारंवार अपिलात गेलेला आहे. २०१५ मध्ये तिथल्या सेकंड सर्किट अपील न्यायालयाने मट्टा या खटल्यात सांगितलं की भरती करून उपचार द्यायचे की बाहेरून, हे न्यायाधीशानेच ठरवायचं. प्रोबेशन ऑफिसरवर ते सोपवता येत नाही. त्याआधी २००५ मध्ये नाइन्थ सर्किटने स्टीफन्स खटल्यात म्हटलं की उपचारांव्यतिरिक्त होणाऱ्या नशेच्या चाचण्या जास्तीत जास्त किती, हा आकडा कोर्टाने घालायचा. उपचार कार्यक्रमाच्या आतल्या चाचण्या मात्र तिथल्या लोकांवर सोडता येतात. हे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत. पण तारीख, वेळ, कुठल्या डॉक्टरांचा वार असे तपशील अधिकाऱ्याकडे, आणि उपचार घ्यायचे की नाही, कुठल्या प्रकारचे आणि किती काळ हे कोर्टाकडे, ही वाटणी आपल्या कायद्यातल्या शब्दांशीही जुळते.

आपल्याकडे दुसरी एक भिंत आहे, तिचा विसर पडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. स्वतःहून भरती झालेला रुग्ण कलम ८८ प्रमाणे घरी जायचं म्हणाला तर तपासणीसाठी त्याला फार तर चोवीस तास थांबवता येतं, आणि तेही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने. संमती नसताना भरती करायची तर कलम ८९ ची पायरी आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या, कायद्याने मानलेल्या माणसाचा) अर्ज, दोन जाणकारांनी (त्यात एक मनोविकारतज्ज्ञ) वेगवेगळी केलेली तपासणी, मुदत तीस दिवसांपर्यंत. या साखळीत परिविक्षा अधिकाऱ्याची कडीच नाही. ‘मी सांगेपर्यंत याला सोडू नका’ असं केंद्राला सांगायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही, आणि ऐकणारं केंद्र स्वतः अडचणीत येतं. रुग्ण निघून गेला तर अधिकाऱ्याने कोर्टाला कळवावं. पुढचं कोर्ट बघेल.

औषधांच्या बाबतीत तर लुडबूड जिवावर बेतते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला ‘आजपासून थेंब नाही, नाहीतर रिपोर्ट करतो’ असं दटावलं आणि त्याने घाबरून घरीच एकदम सोडली, तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊन भिंतीवर नसलेली जनावरं दिसायला लागतात. गावात याला कुणी बाधा म्हणतं आणि गाडी डॉक्टरऐवजी भगताकडे वळते. ही दारू तुटल्याची लक्षणं आहेत, यात माणूस दगावतो, आणि यावर रुग्णालयात औषध आहे, त्या उपचारालाच विषमुक्ती म्हणतात. दारू थांबवायचीच, पण डॉक्टरच्या नजरेखाली. म्हणून अट ‘तपासणी आणि विषमुक्तीसाठी रुग्णालयात हजर राहणे’ अशी आधी आणि ‘पूर्ण वर्ज्य’ ही त्यानंतरच्या तारखेपासून असावी.

दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती डायसल्फिरामची गोळीही तशीच. ती सुरू करण्याआधी किमान बारा तास पोटात दारू नको, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू प्यायल्यास तिची प्रतिक्रिया येऊ शकते: तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. घरच्यांना ‘चहातून द्या, त्याला कळू देऊ नका’ असा सल्ला कुणी दिला, मग तो अधिकारी असो की शेजारची काकी, तर तो पाळू नका. रुग्णाला माहीत नसलेली डायसल्फिराम म्हणजे त्याच्या जेवणात ठेवलेला सुरुंग. उलट टोकाचा प्रकार ब्युप्रेनॉर्फिनचा. ब्राउन शुगरच्या रुग्णाला डॉक्टर ही जिभेखालची गोळी देतात आणि वरून कुणी म्हणतं, ‘ही पण नशाच, बंद कर.’ डॉक्टरने लिहिलेलं औषध नियमाने घेणं म्हणजे ‘नशा करणं’ नव्हे. आदेशात ‘वैद्यकीय सल्ल्याने दिलेली औषधे वगळून’ हे पाच शब्द आधीच घालून घेतले की हा वाद उभाच राहत नाही.

लघवीच्या चाचणीचंही बोललं पाहिजे. आदेशात चाचणी नसेल तर अधिकारी स्वतःच्या मनाने औषध दुकानातली पट्टी आणून ती लावू शकत नाहीत. आदेशात असली तरी निकाल वाचायला अक्कल लागते. रोज गांजा ओढणाऱ्याने सोडल्यावर तीन-चार आठवडेसुद्धा पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. याउलट हेरॉइनचा माग दोन-तीन दिवसांत पुसला जातो. कोडीनवालं खोकल्याचं औषध घेतलं तर अफूवर्गाची पट्टी रंग बदलते. म्हणून पट्टीवर पॉझिटिव्ह आलेला नमुना प्रयोगशाळेत खात्रीच्या चाचणीला गेल्याशिवाय त्यावरून अटभंग म्हणू नये. पहिल्या दिवशी एक चाचणी करून तिचा निकाल फाइलला लावून ठेवला तर पुढे तुलना करता येते.

गळ्यात माळ घालून दारू सोडणारी माणसं कोकणात घरोघर आहेत, आणि त्यातली कित्येक खरंच सुटली आहेत. पण कोर्टाने वैद्यकीय उपचार सांगितले असतील तर माळ घालून ती अट पुरी होत नाही. आणि कोर्टाने सांगितलं नसेल तर ‘माळ घाल’, ‘बैठकीला जा’ असा आग्रह अधिकाऱ्यालाही धरता येत नाही.

अमली पदार्थांच्या प्रकरणात दार वेगळं आहे, आणि इथे वकीलही कधी चुकतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३३ मुळे अठरा वर्षांवरच्या आरोपीला परिविक्षा अधिनियमाचा लाभ कलम २६ (परवानाधारकाचा नियमभंग) आणि २७ (नशेचं सेवन) च्या गुन्ह्यांपुरताच मिळतो. जवळ बाळगल्याच्या अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणसासाठी वाट आहे कलम ३९ ची: आरोपीची संमती, सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालय वा संस्था, आणि एक वर्षाच्या आत उपचारांच्या परिणामाचा अहवाल कोर्टात. तो अहवाल आणण्याची जबाबदारी आरोपीची. त्यावर समाधान झालं तर कोर्ट समज देऊन जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बाँडवर सोडतं. या कलमात परिविक्षा अधिकाऱ्याचा शब्दच नाही. अल्प प्रमाण म्हणजे गांजा एक किलोपेक्षा कमी, चरस शंभर ग्रॅमपेक्षा कमी, हेरॉइन पाच ग्रॅमपेक्षा कमी. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती. तसलं किलोच्या वरचं पाकीट कुणी घरी नेऊन ठेवलं असेल तर ते थेट व्यावसायिक प्रमाणात (चरससाठी एक किलोपेक्षा जास्त) जातं आणि कलम ३९ चा विषयच संपतो. आणखी एक, कलम ६४अ: असा व्यसनी स्वतःहून उपचारांना गेला आणि ते पूर्ण केले तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

अट लिहून घेण्याची वेळ एकच असते: आदेश होण्याआधी, युक्तिवादात. नंतर फार धावाधाव पडते. समजा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला एक खलाशी आहे, दारूच्या भरात हत्याराने मारलं म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली दोषी. ‘दर सोमवारी हजेरी’ ही अट त्याच्याकडून ऑगस्टमध्येच मोडणार, कारण नौका आठवडा-आठवडा समुद्रात असते. तो पळाला नाही, पिऊन पडलेला नाही, फक्त बंदरात नाही. पण कागदावर तो अटभंगच. आंब्याच्या बागेतल्या राखणदाराचं मार्च ते मे हेच. मंडणगडच्या वाडीवरून रत्नागिरीला दर आठवड्याला यायचं म्हणजे पहाटेची एसटी आणि बुडालेली मजुरी. म्हणून वकिलाने मसुदा स्वतः द्यावा. साधारण असा:

‘आरोपीने आदेशाच्या तारखेपासून सात दिवसांत प्रादेशिक मनोरुग्णालय, रत्नागिरी येथील बाह्यरुग्ण विभागात तपासणीसाठी हजर राहावे व त्यानंतर बारा महिने, महिन्यातून एकदा, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेस जावे. मासेमारीमुळे तारीख चुकल्यास बंदरात परतल्यापासून सात दिवसांत हजर राहावे. आंतररुग्ण म्हणून भरती उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याने व आरोपीच्या संमतीने, अन्यथा न्यायालयाच्या पुढील आदेशानेच. रुग्णालयाने दर तीन महिन्यांनी हजेरी व उपचार चालू असल्याचा दाखला द्यावा.’

भरतीची गरज आहे पण तातडी नाही, असं डॉक्टर म्हणत असतील तर ती १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मागून घ्यावी. एकसष्ट दिवस नौका वर ओढलेल्या असतात, मजुरी तशीही नसते. विषमुक्ती मात्र जूनची वाट बघत नाही.

मसुद्यातल्या शेवटच्या वाक्याचं कारण गोपनीयता. २०१७ च्या कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. समुपदेशकापुढे माणूस बायकोच्या मंगळसूत्रापासून मालकाच्या डिझेलपर्यंत सगळं ओकतो. ते अधिकाऱ्याच्या टेबलावर येणार असेल तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. संमतीपत्रावर सही करताना ‘हजेरी, उपचार चालू आहेत की संपले, पुढची तारीख’ एवढंच लिहावं. ‘सर्व कागदपत्रे’ या कोऱ्या परवानगीवर सही करू नये.

आणि आदेश झाल्यावर अट जमेनाशी झाली तर? कलम ८. कोर्ट बाँडची मुदत कमी-जास्त करू शकतं, अटी बदलू किंवा वाढवू शकतं. मात्र मूळ आदेशापासून एकूण तीन वर्षांच्या पुढे जात नाही, आणि आरोपी व जामीनदार यांना ऐकल्याशिवाय काहीच बदलत नाही. अधिकाऱ्याला तीन महिन्यांची भरती योग्य वाटत असेल तर त्यांचा रस्ता हाच, फोन नव्हे. मात्र या कलमात एक काटा आहे. अर्ज करायचा तो परिविक्षा अधिकाऱ्याने. आरोपीने करण्याची तरतूद त्यात लिहिलेली नाही. म्हणून अट सैल करून हवी असेल तर अधिकाऱ्याला लेखी विनंती द्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि नौकामालकाचा दाखला जोडा, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या आणि तीच वकिलामार्फत कोर्टाच्या रेकॉर्डवर ठेवा. अधिकाऱ्याशी भांडण करून बसलात तर या एका दाराची किल्ली त्यांच्याकडेच आहे, हे विसरू नका. जामीनदाराने बदलाला नकार दिला तर कोर्ट नवा बाँड मागू शकतं, आणि तो दिला नाही तर थेट शिक्षा होऊ शकते. तेव्हा जामीन राहिलेल्या काकांना आधी विश्वासात घ्या. मुळातली अटच चुकीची असेल तर कलम ११ खाली अपील आहे. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. घाट चढला की झालं.

अटभंग झाला असं अधिकाऱ्याला वाटलं तर कलम ९. ते अहवाल देतात, समन्स किंवा वॉरंट काढायचं ते कोर्टाने, सुनावणी होते, आणि खात्री पटली तरच एकतर मूळ गुन्ह्याची शिक्षा, किंवा पहिलीच वेळ असेल तर बाँड चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड. पन्नास रुपये! १९५८ चा आकडा तसाच आहे. आज त्यात सुरमईची तुकडी सोडा, बांगडाही मनासारखा येत नाही. पण हसून सोडू नका, कारण दुसऱ्या पारड्यात मूळ शिक्षा आहे. म्हणून सुनावणीत काय दाखवायचं ते आधीच जमवा: केसपेपर, प्रत्येक भेटीची तारीख, औषधाच्या चिठ्ठ्या, नौका बंदरातून सुटल्या-आल्याची नोंद. आणि आदेशातला शब्द दाखवा. ‘उपचारांना हजर राहणे’ आणि ‘दारू न पिणे’ या दोन निरनिराळ्या अटी आहेत. पहिलीच लिहिलेली असेल, तर गौरी-गणपतीत एक दिवस पाय घसरला आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः डॉक्टरकडे गेला, हा पहिल्या अटीचा भंग नव्हे. ते अट पाळल्याचंच लक्षण आहे.

अधिकारी पदाबाहेर वागत असतील तर अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे ते जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असतात, आणि कोर्टाला आदेशातला अधिकारी बदलताही येतो. ‘अहवाल चांगला देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज, किंवा १५१०० वर फोन. उपचारांची माहिती हवी असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

मुलं अठराच्या आतली असतील तर हा अधिनियम बाजूला ठेवून बाल न्याय कायदा, २०१५ उघडायचा. तिथे परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो, आणि व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात पाठवायचं की नाही ते कलम १८ खाली बाल न्याय मंडळ ठरवतं. वाटणी तीच: शिफारस अधिकाऱ्याची, आदेश मंडळाचा. फरक एवढाच की इथे आदेशाची प्रत आईबापाने सांभाळायची असते. ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा. पावसात भिजली तर दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.